फिशमध्ये सगळीकडेच सिग्नल येतोय, नाहीतर कुठेच येत नाहीये? प्रोब बदलायच्या आधी हे बघा

क्रोमोझोमवर नव्याने काम करणाऱ्या मुलामुलींचा एकच प्रश्न फिरून फिरून येतो. प्रोब (शोधायच्या क्रमाला जाऊन चिकटणारा, खूण लावलेला डीएनएचा तुकडा) लावला, रात्रभर हायब्रिडायझेशन (प्रोब आणि क्रोमोझोमच्या डीएनएची जुळणी) केलं, सकाळी धुतलं, मायक्रोस्कोपखाली घातलं आणि एकतर सगळी स्लाइडच लाल, नाहीतर डॅपी या डीएनएला लागणाऱ्या रंगाचा निळा सोडला तर काहीच नाही. मग लगेच ठरतं की प्रोब खराब आहे. नवीन लेबलिंग किटची मागणी जाते, किट यायला महिना, परत लेबलिंग, परत तेच लाल. हे इतक्या लॅबमध्ये इतक्या वेळा होतं की एकदा सविस्तर लिहून ठेवावं असं वाटलं. (फिश म्हणजे इथे फ्लुरोसन्स इन सिटू हायब्रिडायझेशन, माशाला मी मासाच म्हणणार आहे, नाहीतर पुढे गोंधळ होईल.)

माझं स्पष्ट मत आहे की रायबोसोमल डीएनए, टेलोमियर (क्रोमोझोमचं टोक), सॅटेलाइट असल्या रिपीटवाल्या, म्हणजे परत परत येणाऱ्या क्रमांच्या, प्रोबमध्ये बिघाड बहुतेक वेळा प्रोबमध्ये नसतोच. तो हायब्रिडायझेशनच्या आदल्या दिवशी, स्लाइड बनवतानाच झालेला असतो. आणि उरलेल्यातल्या बऱ्याच केसेसमध्ये बिघाड नसतोच मुळी, त्या झाडाचा किंवा माशाचा जीनोमच तसा असतो आणि आपण खरं उत्तर बॅकग्राउंड समजून धुऊन टाकत असतो. हे दुसरं मला जास्त लागतं, कारण त्यात चांगला डेटा वाया जातो.

तर पहिलं काम. काहीही बदलू नका, प्रोबची बाटली पण काढू नका. तीच बिघडलेली स्लाइड परत 100 एक्स ऑइलखाली लावा आणि उजेड नक्की कुठे बसलाय ते बघा. क्रोमोझोमच्या मधल्या मोकळ्या जागेत धुकं आहे का? काचेवर, जिथे पेशीच नाही तिथेसुद्धा, बारीक टाचणीच्या टोकाएवढे ठिपके आहेत का? की उजेड क्रोमोझोमच्या अंगावरच आहे, कडेला बरोबर थांबतोय, आणि मधली जागा काळी कुळकुळीत आहे? या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि तिघींचे उपाय वेगळे. बहुतेक जण तिघींना एकच नाव देतात, बॅकग्राउंड, आणि तिघींवर एकच उपाय करतात, अजून गरम पाण्यात अजून कमी मिठात धुवायचं, म्हणून प्रश्न सुटत नाही.

धुकं असेल तर ते पेशीद्रव आहे. क्रोमोझोमवर सायटोप्लाझमचा पापुद्रा राहिलाय आणि प्रोबवरची खूण दाखवायला वापरतो ती चमकणारी अँटिबॉडी त्याला चिकटलीये. काचेवरचे ठिपके म्हणजे बहुधा गाठी झालेली अँटिबॉडी किंवा न गाळलेलं डिटेक्शन बफर, वापरायच्या आधी ट्यूब सेंट्रिफ्यूजमध्ये जोरात फिरवा आणि वरचंच द्रव घ्या, एवढ्यात हे बऱ्यापैकी जातं. त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही. तिसरा प्रकार, क्रोमोझोमवरचाच उजेड, त्याच्याकडे सावकाश येऊ.

आधी पेशीद्रव. डिनॅचरेशनच्या (गरम करून डीएनएचे दोन धागे वेगळे करायच्या पायरीच्या) आधी स्लाइड फेज कॉन्ट्रास्टखाली बघायची सवय लावून घ्या, याला पर्याय नाही. चांगल्या स्लाइडवर क्रोमोझोम गडद राखाडी, कडा ब्लेडने कापल्यासारख्या, आणि आजूबाजूची काच स्वच्छ दिसते. वाईट स्लाइडवर तेच क्रोमोझोम एका फिक्या करड्या डागाच्या आत बसलेले असतात, डागाला गोलसर कड असते, कधी कधी क्रोमोझोमभोवती चमकदार वलय दिसतं. असा डाग दिसला की त्या स्लाइडवर प्रोब घालू नका, महागडं मिक्स फुकट जाईल. फेज कॉन्ट्रास्ट नसेल तर साध्या मायक्रोस्कोपचा कंडेन्सर खाली घ्या आणि डायफ्राम बारीक करा, तेवढ्यानेही कळतं.

झाडांत हा त्रास मुळाच्या टोकापासून सुरू होतो. कांद्याचं किंवा गव्हाचं मूळ फिक्स करून धुतलं की टोकाला दीड-दोन मिलिमीटरचा दुधाळ पांढरा भाग दिसतो, त्याच्या मागचं मूळ पारदर्शक असतं. आपल्याला हवा तो फक्त दुधाळ भाग, आणि त्यातलंही अगदी पुढचं टोपीचं टोक सुईने काढून टाकलेलं बरं. पण घाईत लोक पाच मिलिमीटरचा तुकडा एन्झाइममध्ये टाकतात आणि मग स्लाइडवर विभाजन न होणाऱ्या लांबलचक पेशी, भिंतींचे तुकडे आणि स्वतःहून हिरवं चमकणारं लिग्निन, सगळं येतं. सेल्युलेज आणि पेक्टिनेजचं मिश्रण सायट्रेट बफरमध्ये, पीएच साडेचार ते 4.8, 37 अंशाला. वेळ मात्र कागदावर लिहिलेली पाळू नका. जनावराच्या आतड्यासारखं लुसलुशीत झालं, सुईने उचलताना टोक लोंबकळायला लागलं की काढा. कांद्याच्या जाड मुळाला जेवढा वेळ लागतो त्यात भाताचं बारीक मूळ विरघळून जाईल. एन्झाइम जुनं झालं, परत परत गोठवून वितळवलं की ताकद कमी होते, मग लोक वेळ वाढवतात, वेळ वाढवला की पेशी फुटतात, क्रोमोझोम हरवतात. त्यापेक्षा छोट्या छोट्या ट्यूबमध्ये वाटून ठेवा.

फिक्सेटिव्हबद्दल एकच सांगते पण ते फार महत्त्वाचं आहे. अल्कोहोल आणि ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड तीनास एक, हे त्याच दिवशी बनवायचं. बाटली भरून ठेवली की अल्कोहोल आणि ॲसिड एकमेकांशी रिॲक्शन करून एस्टर आणि पाणी तयार होतं आणि तुमचं फिक्सेटिव्ह हळूहळू बदलत जातं. झाडांसाठी इथेनॉल आणि माशांसाठी मिथेनॉल अशी पद्धत आहे, तत्त्व तेच. सोमवारी स्प्रेड छान आणि शुक्रवारी घाण, अशी तक्रार असेल तर आधी फ्रीजमधली बाटली बघा.

माशात गोष्ट वेगळी आहे. माशाच्या हाडात आपल्यासारखा अस्थिमज्जा नसतो, रक्त तयार करायचं काम मूत्रपिंडाचा पुढचा भाग करतो, हेड किडनी म्हणतात तो. रोहू उघडला की कण्याच्या खाली, कल्ल्यांच्या लगेच मागे, गडद लालसर मऊ पट्टा दिसतो, तोच. (संस्थेच्या प्राणी-नीती समितीची परवानगी आणि माशाला आधी नीट भूल, या दोन्ही गोष्टी झालेल्याच आहेत असं धरून चालते.) पेशीविभाजन मध्येच रोखणारं कोल्चिसिन देऊन थांबायचं, मग तो भाग काढून 0.075 मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये हलक्या हाताने पिपेटने वरखाली करून सुटा करायचा आणि साधारण अर्धा तास तसाच ठेवायचा. या हायपोटोनिक पायरीवर सगळं अवलंबून आहे. पाणी आत शिरून पेशी फुगते, पेशीद्रव पातळ होतं, आणि फिक्सेटिव्ह पडल्यावर क्रोमोझोम मोकळे पसरतात. ही पायरी सापडली तीसुद्धा अपघाताने. अमेरिकेत टी. सी. श्यू यांच्या तयारीत अचानक सुंदर पसरलेले मानवी क्रोमोझोम दिसायला लागले, आणि शोधता शोधता कळलं की मिठाचं द्रावण चुकून पातळ बनलं होतं. 1952 साली ते छापून आलं आणि त्यानंतर सगळ्या जगाची पद्धत बदलली.

हायपोटोनिक कमी झालं तर क्रोमोझोमचा गठ्ठा राहतो आणि धुकं राहतं, जास्त झालं तर पेशी स्लाइडवर पोचायच्या आधीच फुटते आणि तुम्हाला 50 ऐवजी 43, 46, 39 असले आकडे मिळायला लागतात. रोहू, कटला, मृगळ तिघांचेही 2एन 50, म्हणजे पेशीत एकूण 50 क्रोमोझोम. त्यामुळे मोजणी सारखी पन्नासच्या खालीच येत असेल तर नवीन कॅरिओटाइप (क्रोमोझोमचा संच) सापडला म्हणून आनंदून जाऊ नका, हायपोटोनिकची वेळ पाच मिनिटांनी कमी करून बघा. आणि फिक्सेटिव्ह एकदम ओतू नका. आधी काही थेंब, हळूच उलटंपालटं, मग सेंट्रिफ्यूज, मग ताजं फिक्सेटिव्ह, असं निदान तीन वेळा. शेवटच्या वेळी गोळा पांढरा दिसला पाहिजे. तपकिरी असेल तर हिमोग्लोबिन अजून आहे, तेही नंतर चमकतं. माशाच्या तांबड्या पेशींना केंद्रक असतो हे विसरू नका, स्लाइडवर जे शेकडो छोटे गोल केंद्रक दिसतात त्यातले बरेच तेच असतात, त्यांना बघून माझ्या पेशी विभाजितच होत नाहीत असं वाटतं. थंडीत टाकीचं पाणी गार असलं की मेटाफेज (विभाजनात क्रोमोझोम सुटे दिसतात त्या टप्प्यातल्या पेशी) खरंच कमी मिळतात, अशा वेळी मासा काही दिवस कोमट पाण्यात ठेवणं किंवा यीस्टचं द्रावण टोचून पेशीविभाजन वाढवणं, दोन्ही चालतं.

आता हवा. याकडे लोक अजिबात लक्ष देत नाहीत. पेशी स्लाइडवर टाकल्यावर फिक्सेटिव्ह कसं वाळतं यावर स्प्रेड ठरतो, किती उंचीवरून थेंब टाकला यावर त्या मानाने फार थोडं. साधारण 25 अंश आणि निम्मी आर्द्रता असली की ठीक चालतं. आता मुंबई-रत्नागिरीकडचा जुलै घ्या आणि छत्रपती संभाजीनगर-अकोल्याकडचा एप्रिल घ्या. कोकणात पावसाळ्यात थेंब वाळतच नाही, क्रोमोझोम पसरत पसरत एकमेकांच्या पेशीत जातात आणि सेट फुटतात. मराठवाडा-विदर्भात उन्हाळ्यात दोन-तीन सेकंदांत वाळतं, क्रोमोझोम गठ्ठ्यातच राहतात आणि सायटोप्लाझम त्यांच्यावर आटून बसतं. एकच प्रोटोकॉल, एकच हात, तरी रिझल्ट बदलतो आणि विद्यार्थी बिचारा स्वतःला दोष देत बसतो. कोरड्या दिवसात स्लाइड क्षणभर गरम पाण्याच्या वाफेवर धरा आणि मग थेंब टाका. दमट दिवसात एसी चालू करून, स्लाइड किंचित कोमट प्लेटवर ठेवून वाळवा. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र चार-पाचशेला मिळतं, ते टेबलावर ठेवा आणि प्रत्येक बॅचशेजारी वहीत आकडा लिहा, दोन ऋतूंत तुमच्या लॅबचा स्वतःचा नियम तुम्हाला दिसेल.

एवढं करूनही हलका पापुद्रा राहिलाच तर आरएनेज आणि नंतर पेप्सिन. आरएनेज मिलिलिटरला 100 मायक्रोग्रॅम, 37 अंशाला तासभर, हे रायबोसोमल प्रोबसाठी तर हवंच, कारण पेशीत रायबोसोमल आरएनए खच्चून भरलेला असतो आणि प्रोब त्यालाही तितक्याच प्रेमाने चिकटतो, मग न्यूक्लिओलस आणि पेशीद्रव दोन्ही लाल होतात. पेप्सिन 10 मिलिमोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये. माशाच्या स्लाइडला मी 0.005 टक्के, दहा मिनिटांनी सुरुवात करते आणि फेजखाली बघते, डाग असेल तर अजून थोडं. क्रोमोझोम फुगलेले, पोकळ, भुतासारखे दिसायला लागले म्हणजे पेप्सिन जास्त झालं, ती स्लाइड गेली. मग फॉर्माल्डिहाइडने पक्कं करायचं, नाहीतर 70 टक्के फॉर्मामाइडमध्ये गरम केल्यावर क्रोमोझोम सरळ काचेवरून निघून जातात.

आता तिसरा प्रकार. मधली काच काळी आहे, न्यूक्लिओप्लाझमही ठीक आहे, पण सगळे क्रोमोझोम टोकापासून टोकापर्यंत रंगलेत. इथे थांबा आणि विचारा, प्रोबमध्ये नक्की काय आहे आणि जीनोम किती मोठा आहे.

1968 मध्ये ब्रिटन आणि कोन यांनी डीएनएचे धागे वेगळे करून परत जुळायला किती वेळ घेतात ते मोजलं आणि दाखवलं की प्राणी आणि झाडांच्या डीएनएचा मोठा भाग हजारो-लाखो वेळा परत परत आलेला आहे. पुढच्याच वर्षी, 1969 ला, गॉल आणि पार्ड्यू यांनी झेनोपस बेडकाच्या पेशींवर इन सिटू हायब्रिडायझेशन करून दाखवलं आणि त्यांनी निवडलं होतं रायबोसोमल डीएनए, कारण त्याच्या भरपूर प्रती एका जागी असतात आणि म्हणून दिसतात. म्हणजे आपलं तंत्रच रिपीटच्या जोरावर उभं राहिलंय. रिपीट दोन तऱ्हेचे असतात, एक जागेवर रांगेत बसलेले, सॅटेलाइट आणि रायबोसोमल डीएनए, यांचा सिग्नल घट्ट ठिपका किंवा पट्टा येतो. दुसरे सगळीकडे विखुरलेले, मुख्यतः रेट्रोट्रान्सपोझॉन (स्वतःच्या प्रती बनवून जीनोमभर पसरणारे क्रम), यांचा सिग्नल खरा असला तरी पसरलेलाच येणार.

कांद्याचा जीनोम साधारण 16 अब्ज बेस जोड्यांचा, माणसाच्या पाचपट, आणि क्रोमोझोम फक्त 16. गव्हाचाही तसाच अवाढव्य, 42 क्रोमोझोमवर, आणि त्यातला 80 टक्क्यांहून जास्त भाग रिपीट. मक्याचं पण जवळपास 85 टक्के ट्रान्सपोझॉनच. अशा झाडात तुम्ही बॅक क्लोनसारखा लाखभर बेसचा तुकडा प्रोब म्हणून घातलात तर त्यात दोन-चार रेट्रोट्रान्सपोझॉन असणारच आणि ते सगळ्या क्रोमोझोमवर आपापल्या भावंडांना जाऊन चिकटणारच. हेच भातात करा, जीनोम 40 कोटींच्या आसपास, किंवा ज्वारीत, 70-75 कोटी, तिथे थोडं ब्लॉकिंग घालून बॅकचा ठिपका जागेवर येतो. माशातही असाच फरक आहे. फुगू माशाचा जीनोम साधारण 40 कोटी आणि रिपीट फार कमी, झेब्राफिशचा त्याच्या तिप्पट-चौपट आणि निम्म्याहून जास्त रिपीट. रेक्स-1, रेक्स-3 असले माशांचे रेट्रोएलिमेंट प्रोब म्हणून लावले तर काही जातींत ते हेटरोक्रोमॅटिनमध्ये (क्रोमोझोमच्या घट्ट गुंडाळलेल्या भागात) गोळा झालेले दिसतात, काही जातींत सगळीकडे शिंपडल्यासारखे. शिंपडल्यासारखं दिसणं हाच तिथे रिझल्ट असतो, त्याला धुऊन ठिपका बनवायचा प्रयत्न करू नका.

मग खरं पसरलेलं की खोटं हे कसं ओळखायचं? माझी पद्धत अशी. एक, प्रोबशिवायची स्लाइड, बाकी सगळं डिटेक्शन तसंच. ती पण रंगली तर प्रोबचा काही संबंध नाही, अँटिबॉडी किंवा ऑटोफ्लुरोसन्स. दोन, ज्या बॅचवर आधी 45एस (रायबोसोमल डीएनए) चा सुंदर ठिपका आला होता त्या जुन्या चांगल्या बॅचची स्लाइड काढा आणि नवीन प्रोब तिच्यावर लावा, आणि जुना खात्रीचा 45एस प्रोब नवीन स्लाइडवर लावा. दोन स्लाइडमध्ये सगळं कळतं, दोष स्लाइडकडे जातो की प्रोबकडे. म्हणून चांगल्या बॅचच्या दोन-चार स्लाइड उणे 20 ला कायम राखून ठेवा, सगळ्या वापरून टाकू नका. तीन, रंगलेल्या क्रोमोझोमवर नीट बघा, सेंट्रोमियरपाशी किंवा न्यूक्लिओलसच्या आकुंचनापाशी फट पडलीये का, एक हात जास्त आणि एक कमी आहे का, सगळ्या पेशींत तेच चित्र येतंय का. खऱ्या विखुरलेल्या रिपीटला काहीतरी नकाशा असतो. डॅपीची हुबेहूब नक्कल दिसली, जिथे डॅपी गडद तिथेच प्रोब गडद, तर संशय घ्या, आणि फिल्टरमधून एका रंगाचा उजेड दुसऱ्यात गळतोय का तेही तपासा.

खोटं ठरलं तरच स्ट्रिंजन्सीला, म्हणजे धुण्याच्या कडकपणाला, हात लावा, आणि लावताना हिशेब करून लावा. 2 एक्स एसएससी (धुण्याचं मिठाचं द्रावण), 50 टक्के फॉर्मामाइड, 37 अंश, तीनशे बेसचे तुकडे आणि 45 टक्के जीसी धरलं तर साधारण 76 टक्के जुळणी असलेले धागे पण टिकून राहतात. तेच 0.1 एक्स एसएससी आणि 20 टक्के फॉर्मामाइडमध्ये 42 अंशाला धुतलं की ही हद्द 84 टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे 80 टक्के जुळणारी, थोडी बदललेली सॅटेलाइटची नातेवाईक मंडळी पहिल्या धुण्यात दिसतील आणि दुसऱ्यात गायब होतील. दोन्ही स्लाइड बरोबर आहेत, प्रश्न वेगळा विचारलाय एवढंच. पेपरमध्ये कुठल्या स्ट्रिंजन्सीला हा पॅटर्न दिसला ते लिहा म्हणजे दुसऱ्याला तुलना करता येईल.

ब्लॉकिंगबद्दल एक धोक्याची सूचना. त्याच जातीचा जीनोमिक डीएनए ऑटोक्लेव्ह करून बारीक करून प्रोबच्या पन्नास-शंभर पट घालतात, विखुरलेले रिपीट अडवायला. बॅक प्रोबला हे उत्तम. पण तुमचा प्रोबच सॅटेलाइट किंवा रायबोसोमल असेल तर हेच ब्लॉकिंग तुमचा सिग्नल गिळून टाकेल, कारण त्या जीनोमिक डीएनएत तोच रिपीट ढिगाने आहे. माशांच्या स्लाइडवर सवयीने सॅल्मनचा डीएनए घालतात तेव्हाही हे डोक्यात असू द्या, 18एस सारखा भाग सगळ्या माशांत जवळजवळ सारखाच आहे. सिग्नल कमजोर येत असेल तर एकदा ई. कोलायचा डीएनए वापरून फरक बघा.

आता उलट तक्रार, सिग्नलच नाही. डिनॅचरेशनचं तापमान आधी तपासा, वॉटर बाथच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, थर्मामीटर कोप्लिन जारच्या आत बुडवून बघा. प्रत्येक थंड स्लाइड आत गेली की तापमान उतरतं, म्हणून एका वेळी दोन-तीनच, त्याही आधी कोमट करून. डॅपीखाली क्रोमोझोम एकदम टवटवीत, काहीच न झाल्यासारखे दिसत असतील आणि सिग्नल नसेल तर डिनॅचरेशन झालंच नाही. फिक्कट, पिसारलेले दिसत असतील तर जास्त झालं. खूप महिने पडून राहिलेल्या किंवा जास्त भाजलेल्या स्लाइडही दाद देत नाहीत. फॉर्मामाइड जुनं असेल तर तेही बदला, आणि ते फ्यूम हुडमध्येच वापरा, गर्भाला घातक आहे, लॅबमधल्या मुलींना हे कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं आणि बऱ्याच ठिकाणी सांगत नाहीत.

हे सगळं ठीक असेल तर मग विचारा, हा क्रम या जीवात आहे तरी का? सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. झाडांचा टेलोमियर म्हणून ॲराबिडॉप्सिसचा टी-टी-टी-ए-जी-जी-जी हा प्रोब सगळ्यांकडे असतो, 1988 मध्ये रिचर्ड्स आणि ऑसुबेल यांनी तो वेगळा केला. तो कांद्यावर लावाल तर टोकं काळीच राहणार, कितीही प्रयत्न करा. कांद्याच्या टेलोमियरचा क्रम वेगळाच आहे, बारा अक्षरांचा, सी-टी-सी-जी-जी-टी-टी-ए-टी-जी-जी-जी, आणि तो कळायला 2016 उजाडलं. तोपर्यंत कांद्याच्या टोकाला नक्की काय आहे यावर वर्षानुवर्षं चर्चा चालू होती. आणि आपली साधी कोरफड घ्या, तिच्या टोकाला टी-टी-ए-जी-जी-जी आहे, म्हणजे जो माशात आणि माणसात असतो तोच. कांदा आणि कोरफड दोघंही ॲस्परॅगेलिस गणातले, आणि या गणात टेलोमियरचा क्रम उत्क्रांतीत बदललाय. त्यामुळे रानकांदा, शतावरी, मुसळी अशा सह्याद्रीतल्या वनस्पतींवर काम करणाऱ्यांनी टेलोमियर प्रोब निवडताना झाडांचा म्हणून एकच न धरता आपल्या कुळाबद्दल आधी वाचून, शक्य असेल तर टी-टी-टी-ए-जी-जी-जी आणि टी-टी-ए-जी-जी-जी हे दोन्ही प्रोब शेजारीशेजारी लावून बघावेत. माशांत ही अडचण नाही, टेलोमियर प्रोब हा तिथला उत्तम कंट्रोल आहे, रोहूच्या पन्नासही क्रोमोझोमच्या प्रत्येक टोकाला जोडीजोडीने ठिपके यायला हवेत. कुठे मध्येच ठिपका दिसला तर तो कदाचित जुन्या क्रोमोझोम जोडणीची खूण असेल, कदाचित हेटरोक्रोमॅटिनमधल्या सॅटेलाइटचा भाग असेल, एका प्रोबवर दोन्हीतलं काही छातीठोक लिहू नका.

5एस या दुसऱ्या रायबोसोमल जीनचंही असंच. जीनचा भाग साधारण 120 बेसचा आणि फार न बदलणारा, पण दोन जीनमधली मोकळी जागा जातीगणिक बदलते. दुसऱ्या जातीचा प्रोब आणलात आणि त्यात निम्म्याहून जास्त ही मोकळी जागाच असेल तर कडक धुण्यात सिग्नल अर्धा जाणारच. आपल्याच जातीच्या डीएनएवर पीसीआर करून प्रोब बनवा, एका दिवसाचं काम आहे.

अजून एक जे वारंवार विचारलं जातं. सिल्व्हर स्टेनिंगने एकाच क्रोमोझोमवर एनओआर (न्यूक्लिओलस बनवणारी रायबोसोमल जीनची जागा) दिसतो आणि 45एस फिशने चार ठिकाणी, कुठलं खरं? दोन्ही. चांदी फक्त त्या जागा रंगवते ज्या आधीच्या इंटरफेजमध्ये काम करत होत्या, प्रोब सगळ्या प्रती दाखवतो, गप्प बसलेल्यासुद्धा. आणि जोडीतल्या एका क्रोमोझोमवर मोठा ठिपका, दुसऱ्यावर बारीक, हे माशांत फार सर्रास दिसतं, कारण रायबोसोमल रिपीटच्या प्रती कमीजास्त होत राहतात. वीस-पंचवीस चांगल्या मेटाफेजमध्ये तेच दिसलं तर ते तसंच आहे, फोटोशॉपमध्ये बारीक ठिपका वाढवून जोडी सारखी करू नका. हे मी अगदी कळकळीने सांगतेय, असे दुरुस्त केलेले कॅरिओटाइप बघायला मिळतात आणि पुढे कोणीतरी त्याच जातीवर काम करताना त्यांच्या मागे धावत बसतं.

शेवटी, मदत मागताना नुसता "सिग्नल येत नाहीये" असा मेसेज आणि एक कापलेला लाल फोटो पाठवू नका, त्यावरून कोणालाच काही सांगता येत नाही. डॅपी आणि प्रोबचे वेगवेगळे चॅनल, काँट्रास्ट न वाढवलेले, डिनॅचरेशनच्या आधीचा फेजचा फोटो, प्रोबशिवायच्या स्लाइडचा तोच एक्सपोजर ठेवून काढलेला फोटो, प्रोबमध्ये नक्की कुठला क्रम आहे आणि कुठल्या जातीतून घेतलाय, धुण्याचं मीठ-फॉर्मामाइड-तापमान, आणि त्या दिवशीची आर्द्रता. एवढं दिलंत तर बहुतेक वेळा फेजच्या फोटोवरूनच उत्तर मिळेल.